आम्ही तिघं आणि चौथी खुर्ची

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न म्हणजे, ‘आम्ही तिघं मित्र आहोत, एकत्र खेळायला कुठला गेम घेऊ?’ मी म्हटलं, पाच नावं सांगू आणि मोकळे होऊ. पण बोलायला बसलो आणि लक्षात आलं, की या प्रश्नात आम्ही स्वतः दोन वर्षं गटांगळ्या खाल्ल्यात. तर आज तेच.

आम्हीही तिघंच. मी पुण्यात, एक साताऱ्यात, एक म्युनिकला. नावं घेत नाही, दोघंही हा पॉडकास्ट ऐकतात. सातारकर आणि म्युनिककर म्हणू. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळायचो. तेव्हाच कळायला हवं होतं, की तीन हा आकडा अवघड आहे. तिघं एकमेकांविरुद्ध खेळलो की कोणीतरी दोघं भिडायचे आणि तिसरा शांतपणे गहू पिकवत बसायचा. अर्ध्या तासाने तोच जिंकायचा. मग पुढच्या डावात दोघं मिळून त्याला आधी ठेचायचे. शेवटी आम्ही तिघं एका बाजूला आणि कॉम्प्युटर दुसऱ्या बाजूला असं खेळायला लागलो, तेव्हा कुठे भांडणं थांबली.

पुढे नोकऱ्या लागल्या, म्युनिककर गेला, आणि लॉकडाऊनमध्ये पुन्हा जमलो ते पबजी मोबाइलवर. तिथे टीम चौघांची. चौथा म्हणून कोणीतरी अनोळखी यायचा, आणि आमच्या तिघांच्या गप्पांमध्ये बिचारा ‘भाई, रिव्हाइव्ह कर दो’ म्हणत पडलेला असायचा. २०२०च्या सप्टेंबरमध्ये पबजीवर बंदी आली आणि आमचा तो अड्डा मोडला. मग सगळे ‘अमंग अस’ खेळत होते म्हणून तेही उघडलं. त्याला कमीत कमी चार जण लागतात! तिघं लॉबीत उभे राहून एकमेकांभोवती गोल गोल फिरलो आणि बंद केलं.

आता बघा, खोक्यावर ‘एक ते चार खेळाडू’ लिहिलेलं असतं ना, त्यातून फक्त तिघांना आत शिरता येतं एवढंच कळतं. आत गेल्यावर तिसऱ्याला काय काम आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आमचं गाडं खरं अडकलं ते २०२१मध्ये. ‘इट टेक्स टू’ आला. सुंदर गेम, त्या वर्षीचा गेम ऑफ द इयर. पण नावातच आहे, दोघांचाच. एकाने विकत घेतला की दुसरा फुकट खेळू शकतो. मी आणि म्युनिककरने सुरू केला आणि सातारकरला डिस्कॉर्डवर स्क्रीन शेअर करून दाखवायला लागलो. दाखवायला! म्हणजे दोघं जेवतायत आणि तिसऱ्याला म्हणतायत, बघ किती छान झालंय. तो ‘मस्त आहे रे’ म्हणायचा. आम्हाला ते खरंच वाटायचं.

मग म्हटलं तिघांचं काहीतरी घेऊ, म्हणून ‘व्हॅलहाइम’. दहा जण खेळू शकतात, झाडं तोडा, घर बांधा, राक्षस मारा. पहिले दोन शनिवार स्वर्ग. नंतर सातारकर गळायला लागला. ‘नेट गेलंय’, ‘पाहुणे आलेत’. आम्ही दोघं पुढे खेळत राहिलो. तो परत आला तेव्हा आम्ही दुसरा मोठा राक्षस मारून, दलदलीत उतरून लोखंडाचं चिलखत घालून उभे, आणि हा अजून चामड्याच्या कपड्यात. एका फटक्यात मरायचा. आम्ही त्याला म्हणायचो, ‘तू मागे थांब, आम्ही बघतो.’ त्यानंतर तो आलाच नाही. ग्रुपवर अंगठा टाकायचा, बस.

दिवाळीत साताऱ्याला त्याच्या घरी गेलो. त्याचा लॅपटॉप सात वर्षांचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्याने व्हॅलहाइम लावून दाखवलं. जंगलात शिरलं की चित्र अडकत अडकत पुढे सरकायचं, आणि पंख्याचा आवाज गिरणीसारखा. मी म्हटलं, ‘अरे, बोलला का नाहीस?’ तर म्हणाला, ‘तुम्ही दर आठवड्याला म्हणता, हजार-बाराशेचा तर आहे, घेऊन टाक. चार महिने झाले नोकरी सोडून. काय बोलू?’ आम्हाला नोकरी गेल्याचंही माहीत नव्हतं. दर शनिवारी बोलत होतो त्याच्याशी.

तेव्हापासून आमच्यात गेम निवडायचा हक्क सातारकरचा. ज्याचं मशीन सगळ्यात कमजोर, त्याने नाव सांगायचं. आणि एखादा शनिवार चुकला तरी माणूस मागे पडणार नाही असाच गेम. पुढे पुढे जाणारी कथा तिघं हजर असतील तेव्हाच उघडायची, नाहीतर नाही.

त्याने सगळ्यात आधी काढला ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’. २०१५चा आहे, आणि तिघांसाठी याहून चांगला गेम मला अजून सापडलेला नाही. एकाच्या स्क्रीनवर बॉम्ब. बाकीच्यांना बॉम्ब दिसत नाही, पण तो निकामी कसा करायचा याचं तेवीस पानी पुस्तक त्यांच्याकडे. गेम फक्त बॉम्बवाल्याने विकत घ्यायचा, पुस्तक फुकट. पुस्तकवाल्याला कॉम्प्युटरही लागत नाही, फोनवर बोलता आलं की झालं. सातारकरने ते झेरॉक्सच्या दुकानात छापून स्पायरल बाइंडिंग करून आणलं!

आणि तिघांत काय होतं, तर पुस्तकाची वाटणी करता येते. एक जण तारांची पानं धरतो, दुसरा चक्रव्यूहाची. मी ओरडतोय, ‘चार तारा, दोन लाल!’ सातारकर शांत: ‘सिरीअल नंबरचा शेवटचा आकडा विषम आहे का?’ ‘हो!’ ‘शेवटची लाल काप.’ चिन्हांचं पान आलं की खरी मजा. ‘उलटा सी, मध्ये टिंब!’ ‘उलटं प्रश्नचिन्ह!’ ‘ते त्रिशूळासारखं?’ ‘त्रिशूळ नाही रे, उंबरठ्यावरची रांगोळी!’ दोन दिवस त्या रांगोळीवरून वाद चालला. इथे तिसरा माणूस कमी झाला तर खरंच अडतं.

गेल्या वर्षी सातारकरला नवी नोकरी लागली. त्याने सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड टाकून डेस्कटॉप जोडला, आणि आम्ही ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’वर आलो. खाणीत उतरणारे बुटके, चार प्रकारचे: एक बोगदा खणतो, एक उंचावर फळ्या ठोकतो, एक दरीवर दोर टाकतो, एक अंधारात उजेड मारतो. तिघं असलो तर शत्रूही त्या हिशोबाने कमी येतात, ही चांगली सोय. पण एक काम कायम रिकामं राहतं. दोरवाला नसेल तर दरी कशी ओलांडायची, हे बोलून ठरवावं लागतं, आणि तेच आम्हाला आवडतं. प्रत्येक मोहीम स्वतंत्र, साधारण अर्ध्या तासाची, त्यामुळे म्युनिककरचं बाळ रडलं तरी निभतं.

ज्यांना मारामारी हवी त्यांच्यासाठी ‘एपेक्स लेजंड्स’ आहे. मूळची टीमच तिघांची, आणि फुकट. आमचे हात आता तेवढे चालत नाहीत, म्हणून जास्त बोलत नाही. ‘रॉकेट लीग’ही तीन विरुद्ध तीन खेळता येतो. सातारकरने त्याला नकार दिलाय, कारण विचारायची सोय नाही.

परदेशात मित्र असेल तर एक सांगून ठेवतो. म्युनिक आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटी तिकडची घड्याळं बदलतात, आणि दर वर्षी त्या आठवड्यात आमच्यातला एक जण तासभर एकटाच बसून असतो.

आज शनिवारच आहे. साडेनऊ वाजत आलेत आणि सातारकरचे दोन मिस्ड कॉल येऊन पडलेत. आज बॉम्ब त्याच्याकडे, पुस्तक माझ्याकडे. ते स्पायरलवालं मात्र तो अजून कोणाला देत नाही, मला फोनवरच वाचावं लागणार. चला, भेटू पुढच्या भागात.