पिंजऱ्याबाहेरचा खर्च

चंडीगडजवळच्या पिंजोर येथे २००१ मध्ये आजारी गिधाडांसाठी केंद्र स्थापन झाले. २००४ पासून ते संवर्धन-प्रजनन केंद्र बनले. डायक्लोफिनॅक दिलेली मृत जनावरे खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती. मादी वर्षाला एकच अंडे घालते; त्यामुळे पांढऱ्या पाठीची आठ गिधाडे मुक्त व्हायला २०२० उजाडले. २०२४ मध्ये तेथील पक्षी ताडोबा व पेंचमध्येही आणले गेले. डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली. तितक्याच घातक ॲसिक्लोफिनॅकवर मात्र २०२३ मध्ये! एका हाताने शासन पक्षी जगवत होते, आणि विष बाजारात स्वस्त होते. अर्थशास्त्रात यालाच बाह्य परिणाम म्हणतात. म्हणूनच मुक्ततेच्या अंदाजपत्रकात पिंजऱ्याइतकीच तरतूद परिसरातील औषध दुकानांच्या तपासणीसाठी हवी.