घारापुरी : लेण्यांखालची गावे



आजच्या कार्यक्रमाचा विषय ‘आपला वारसा’ असा आहे. मला त्यातल्या ‘आपला’ या शब्दाबद्दल बोलायचे आहे, आणि उदाहरण घारापुरीचे घ्यायचे आहे. पाहुण्यांना मुंबई दाखवताना आपल्यापैकी अनेकांनी गेटवेहून लाँचने तासाभराचा प्रवास करून ती लेणी पाहिली असतील. सुमारे सहाव्या शतकातली ही शिल्पे, त्यातला वीस फुटी सदाशिव, आणि १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झालेला समावेश, हे सारे आपण अभिमानाने सांगतो.

पण त्याच बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वस्त्या आहेत, हे आपण सांगतो का? उरण तालुक्यातले हे गाव. समोर मुंबई रात्रभर लखलखत असे आणि इथे संध्याकाळी काही तास जनरेटर चाले. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे जागतिक यादीत नाव लागल्यानंतर तब्बल ३१ वर्षांनी! लेण्यांना जगाची मान्यता मिळाली, तरी डोंगराखालच्या घरांतले दिवे तेवढी वर्षे वाट पाहत राहिले.

निसर्गाचेही तेच. बेटाच्या किनाऱ्याला खारफुटी आहे. माशांची पिल्ले तिच्या आडोशाने वाढतात, किनाऱ्याची धूपही ती रोखते. पलीकडे न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि मोठ्या जहाजांची ये-जा वाढली. ऑगस्ट २०१० मध्ये ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले. ते इथल्या खारफुटीपर्यंत पोचले. लेणी डोंगरावर, त्यांना काहीच झाले नाही. ज्यांचे पोट खाडीवर होते त्यांचे मात्र नुकसान झाले. आज गावातली बरीच कुटुंबे पर्यटकांवर जगतात. सोमवारी लेणी बंद, म्हणजे त्या दिवशी धंदा बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही येत नाहीत.

कोणी म्हणेल, हे सारे वसाहतवादाचे देणे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत १८६४ साली तुटला. पुढे तो जोडला गेला आणि आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. साहेबाला दोष देणे सोपे आहे. परंतु गावाला वीज द्यायला २०१८ उजाडले, त्याचा जाब आपण कोणाला विचारणार?

आता इथले पाहा. हाउन्सलोच्या शेजारी, हीथ्रोच्या कुंपणापलीकडे हार्मंड्सवर्थ गाव आहे. तिथले लाकडी धान्यकोठार १४२६-२७ च्या सुमाराचे. २०१५ साली विमानतळ आयोगाने तिसऱ्या धावपट्टीची शिफारस केली, त्या आराखड्यात ७८३ घरे पडणार होती. कोठार वाचणार होते! जानेवारी २०२५ मध्ये सरकारने तिसऱ्या धावपट्टीला पुन्हा पाठिंबा दिला. आपल्यापैकी कित्येकांची नोकरी किंवा प्रवास या विमानतळावर अवलंबून आहे, म्हणून हा प्रश्न आपल्याला अवघड वाटतो, आणि वाटायलाच हवा. गावकरी उठून गेल्यावर मागे उरलेल्या कोठाराला वारसा म्हणायचे की नुसती जुनी इमारत?

माझे म्हणणे एवढेच आहे की, वारसा म्हणजे फक्त दगड नव्हे. भरती-ओहोटीची जाण, माशांची नावे, महाशिवरात्रीची लगबग, खाडीतले कष्ट हेही त्यातच येते. हे सारे ज्यांच्याजवळ आहे, त्यांना निर्णयात जागा हवी.

पुढच्या सुट्टीत मुलांना घारापुरीला न्याल, तेव्हा लेणी पाहून लगेच परतीची लाँच धरू नका. मोराबंदरापर्यंत चालत जा, गावातल्याच माणसाला वाटाड्या म्हणून घ्या, गावातच जेवा. शाळा, दवाखाना, पाणी यांची चौकशी करा. आणि आपल्या मंडळाने वारशासाठी निधी काढला, तर तो कशाला वापरायचा हे आधी त्या गावाला विचारावे, असा माझा आग्रह आहे.