उसने वाटणारे यश



१७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवणाऱ्या आणि १७७६ साली देहान्त शासन झालेल्या तोतयाची कथा मराठी घरांना परिचित आहे. आपण भाऊसाहेब नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. महाविद्यालयांत आज याच्या नेमकी उलट स्थिती आढळते. विद्यार्थी अस्सल असतो, गुणही त्याचेच असतात. तरी तो स्वतःला तोतया समजतो आणि आपले पितळ कधीतरी उघडे पडेल, या धास्तीत वावरतो.

अमेरिकेतील पॉलिन क्लान्स व सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली या भावनेचे वर्णन केले. कर्तबगार स्त्रिया आपले यश नशिबाच्या किंवा परीक्षकांच्या चुकीच्या खाती टाकतात, असे त्यांना दिसले. पुढे ती भावना पुरुषांतही आढळली. हा रोग नव्हे. परंतु चिंतातुर स्वभाव, परिपूर्णतेचा अट्टहास आणि स्वतःविषयीचा उणा आदर यांच्याशी तिचे नाते आहे. असा विद्यार्थी एकतर रात्री जागवून अतिश्रम करतो, नाहीतर काम शेवटपर्यंत टाळतो. यश आले की पहिल्या वेळी श्रेय केवळ घोकंपट्टीला आणि दुसऱ्या वेळी दैवाला जाते. स्वतःच्या कुवतीच्या पदरी काहीच पडत नाही.

स्वभावाइतकाच परिस्थितीचाही यात वाटा असतो. रायपुरात घरी मराठी, बाजारात हिंदी व छत्तीसगढी, आणि राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या वा एम्सच्या वर्गात इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला वेळेवर शब्द सुचला नाही, की तिला बुद्धीच उणी वाटू लागते. वस्तुतः नवी असते ती भाषा. रायपुरात शिकलेल्या मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. घरची भाषा त्यांच्या वाटेत आडवी आली नाही.

पालकांनी ‘तू हुशारच आहेस’ एवढ्यावर न थांबता, गणित कसे सुटले हे मुलांना विचारावे. शेजारच्या मुलाचे गुण विचारू नयेत. धास्तीने झोप उडाली, तर समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. आणि हीरक महोत्सवात सत्कार स्वीकारणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या पदव्यांबरोबर आपल्या फसलेल्या परीक्षाही सांगाव्यात. मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या एखाद्या मुलाला, आपण एकटेच नाही, हे त्याच दिवशी कळेल.