शिक्क्यातून पुसलेलं नाव

(रौप्यमहोत्सवी छंद-प्रदर्शनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझं टेबल बघून दोघा-तिघांनी विचारलं, "काका, तिकिटं कुठायत? ही तर नुसती जुनी पाकिटं!" खरं आहे. मी तिकिटं जमवत नाही, एकाच बोटीवरून टपालात पडलेली पाकिटं जमवतो. बोटीचं नाव यूएसएस इंडियानापोलिस, अमेरिकन आरमाराची क्रूझर. १९३२ साली आरमारात दाखल झाली, १९४५ साली बुडाली. तिच्याबद्दल थोडं सांगतो. फार वेळ घेणार नाही, जेवण तयार आहे.

१९०८ च्या कायद्यापासून अमेरिकन युद्धनौकांवर त्यांचं स्वतःचं पोस्ट ऑफिस असे. गोल शिक्का, त्यात बोटीचं नाव आणि तारीख. शेजारच्या आडव्या पट्ट्यांच्या मधे कधी बंदराचं नाव, कधी प्रसंगाचं. हौशी मंडळी स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट बोटीवरच्या टपाल कारकुनाकडे पाठवत आणि शिक्का मारून परत मागवत. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट, जे स्वतः पक्के तिकीट-संग्राहक होते, १९३६ च्या अखेरीस याच बोटीने दक्षिण अमेरिकेला गेले. त्या सफरीतलं पाकीट टेबलावर डावीकडे पहिलं आहे. छापील चित्र, स्वच्छ शिक्का. आत पत्र नाही, कधी नव्हतंच. ते पाकीट शिक्क्यासाठीच निघालेलं.

आता त्याच्या शेजारचं बघा. १९४४ सालचं. मळकं, कडेला फाटलेलं. तिकीट नाही, कारण एप्रिल १९४२ पासून सैनिकांना साधं पत्र मोफत होतं. तिकिटाच्या जागी हाताने 'फ्री' लिहिलं की झालं. शिक्क्यात फक्त 'यू.एस. नेव्ही'. युद्धात शिक्क्यांमधून बोटींची नावं काढून टाकली होती. पाकीट भलत्याच्या हाती पडलं तरी कोणती बोट कुठे आहे याचा माग लागू नये म्हणून. खाली आणखी एक शिक्का, नौदलाच्या सेन्सॉरने पत्र तपासल्याचा, आणि त्यात अधिकाऱ्याची आद्याक्षरं. म्हणजे बायकोला लिहिलेलं पत्रसुद्धा आधी साहेब वाचणार!

मग हे इंडियानापोलिसचं कशावरून? वरच्या कोपऱ्यात खलाशाने स्वतःचा पत्ता लिहिलाय. नाव, हुद्दा, बोटीचं नाव, आणि खाली 'फ्लीट पोस्ट ऑफिस, सॅन फ्रान्सिस्को'. बोट पॅसिफिकमधे कुठेही असो, घरच्यांसाठी पत्ता एकच. उत्तर हवं तर बोटीचं नाव लिहिणं भागच होतं. सरकारी शिक्क्यातून पुसलेलं नाव त्या पोराच्या हस्ताक्षरात उरलं.

२६ जुलै १९४५ ला या बोटीने अणुबॉम्बचे भाग टिनियन बेटावर पोहोचवले. चारच दिवसांनी, ३० जुलैला मध्यरात्र उलटल्यावर, जपानी पाणबुडीचे दोन पाणतीर लागले. बारा मिनिटांत बोट तळाला. ११९५ माणसांपैकी वाचली ३१६. बुडताना बाहेर पडलेले शेकडो लोक पुढचे चार दिवस समुद्रात तरंगत होते, कुणाला पत्ताच नव्हता. बातमी जाहीर झाली ती ऑगस्टच्या मध्याला, जपानच्या शरणागतीच्या सुमारास. तोवर आया, बायका, बहिणी सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच पत्त्यावर पत्रं टाकतच असणार.

पाकिटावरचं नाव मी वाचलेल्यांच्या यादीत शोधलं, मिळालं नाही. दुसऱ्या यादीत मिळालं. ते इथे मोठ्याने वाचत नाही. टेबलापाशी या आणि तुम्हीच वाचा. कुणीतरी फक्त तिकिटा-शिक्क्याचा तुकडा कापून घेतला असता, तर तो कोपरा कचऱ्यात गेला असता. 'यू.एस. नेव्ही' एवढंच हाती राहिलं असतं, आणि हा मुलगा राहिला नसता.

म्हणून सर्वांना एक विनंती. आपल्या बिल्डिंगमधेही कुणाचे वडील नेव्हीत होते, कुणाचे काका एकाहत्तरच्या लढाईत होते. '५६ एपीओ' असा पत्ता असलेली आंतर्देशीय पत्रं माळ्यावरच्या ट्रंकेत असतील. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत घालू नका. तिकीट कापू नका, पाण्यात भिजवून सोडवू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पत्र आणि पाकीट एकत्रच ठेवा. कुणी कुणाला लिहिलंय ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवा. ते सांगणारी माणसं आज घरात आहेत, तोवरच हे काम होईल.

जेवणाआधी माझ्या टेबलाकडे जरूर या. हात मात्र कोरडे असू द्या.