चिमुकल्या भिंगांची जपणूक

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मामांची एक लोखंडी पेटी माळ्यावरून खालीं उतरविली. मामा परतूरला शिक्षक होते आणि छायाचित्रणाचे मोठे शौकीन होते. त्यांना जाऊन बारा वर्षें झालीं होतीं. पेटींत रेशमी रुमालांत गुंडाळलेली चामड्याची डबी होती आणि त्या डबींत मामांच्या लहान कॅमेऱ्याचें एक भिंग व त्याचा व्ह्यूफाइंडर. माझ्या आईचें तरुणपणचें एकुलतें एक छायाचित्र याच भिंगांतून निघालेलें आहे. मीं तें मोठ्या आदरानें खिडकीपाशीं नेऊन उजेडांत धरिलें, तों आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू पसरलेले! मामांनीं आणि त्यांच्या माघारीं मामींनीं तें जिवापाड जपलें होतें; आणि त्या जपण्यानेंच तें नासलें होतें. आजचें हें भाषण त्या डबीवरून सुचलें आहे.

लहान भिंगें म्हणजे कोणतीं, तें आधीं सांगतों. आमच्या जालना जिल्ह्यांतील भोकरदनच्या उत्तरेस, शेजारच्या जिल्ह्यांत, अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथील चित्रांच्या नकला करण्यासाठीं मद्रास सैन्यांतील रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ सालीं नेमला गेला. पुढें त्यानें लेण्यांचीं छायाचित्रेंहि घेतलीं आणि फर्ग्युसनच्या मजकुरासह तीं १८६४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. त्या काळीं छायाचित्रकाराबरोबर जड लांकडी कॅमेरा, कांचेच्या तबकड्या, रसायनांच्या बाटल्या आणि अंधारा तंबू असा सारा संसारच चाले. १९२५ सालीं लाइट्स या जर्मन कंपनीनें लायका नांवाचा हातांत मावणारा कॅमेरा लायप्झिगच्या जत्रेंत मांडला आणि हें ओझें उतरलें. १९३० पासून त्याचीं भिंगें काढतां-बसवितां येऊं लागलीं. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खिडकींतून ५० मिलिमीटरच्या भिंगाएवढेंच दृश्य दिसे. म्हणून रुंद दृश्याच्या अथवा लांब पल्ल्याच्या भिंगासाठीं, कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खोबणींत सरकवून बसवावयाचा निराळा व्ह्यूफाइंडर आला. आज बहुतेक छायाचित्रें मोबाइलवरच निघतात, हें खरें. तरीहि अनेक तरुण मंडळी वडिलांचीं वा आजोबांचीं जुनीं भिंगें शोधून काढून, मध्यें एक कडें लावून, नव्या डिजिटल कॅमेऱ्यांवर बसवूं लागलीं आहेत. तेव्हां हा विषय केवळ जुन्या आठवणींचा राहिलेला नाहीं.

भिंग वापरानें सहसा झिजत नाहीं. तें नासतें तें मुख्यतः दोन गोष्टींनीं : वाटेल तसें पुसल्यानें आणि कोंडून ठेवल्यानें.

पुसण्याचा प्रकार पहा. चैत्र-वैशाखांत आमच्याकडे वावटळी सुटतात आणि काळ्या रानांतील धूळ घराघरांत शिरते. कापसाच्या हंगामांत, सरकी काढण्याच्या कारखान्यांच्या आसपास, हवेंत तंतू तरंगत असतात. भिंगावर धूळ दिसली कीं आपला हात आपोआप सदऱ्याच्या टोकाकडे, धोतराच्या सोग्याकडे किंवा पदराकडे जातो. कापड मऊ असतें, पण धुळींत वाळूचे कण असतात आणि ते कांचेहून कठीण असतात. मऊ कापडाखालीं ते कण कांचेवरून फिरले कीं त्यांचें काम कानशीसारखें होतें. शिवाय झाइसच्या कारखान्यांत १९३५ सालीं स्माकुला या शास्त्रज्ञानें भिंगावर परावर्तन कमी करणारा पातळ लेप देण्याची युक्ति काढली. तसले आरंभीचे लेप फार नाजूक असत आणि दोन-चार वेळां घासले तरी त्यांवर ओरखडे उठत. म्हणून आधीं रबरी फुग्यानें वारा घालावा, मग मऊ कुंचल्यानें हलकेंच झटकावें. एवढ्यानें भागलें नाहीं तरच भिंगासाठीं मिळणाऱ्या पातळ कागदावर द्रवाचा एक थेंब घेऊन मध्यापासून कडेकडे फिरवावा. द्रव सरळ भिंगावर कधींहि टाकूं नये. तो कडेनें आंत उतरतो. थोडी धूळ राहिली तर राहूं द्यावी. तिचा चित्रावर होणारा परिणाम सहसा दिसतहि नाहीं, परंतु ओरखडा मात्र जन्माचा सोबती होतो.

आतां कोंडण्याविषयीं. आम्हां जालन्याच्या लोकांची समजूत अशी कीं, आपला मुलूख कोरडा, अवर्षणाचा; येथें ओलाव्याचें भय तें कसलें? ही समजूतच मामांच्या भिंगाला भोंवली. पाऊस कमी पडला तरी आषाढ-श्रावणांत हवा दमट असतेच. त्या दिवसांत पेटी एकदां उघडून बंद केली कीं तो दमटपणा आंत कोंडला जातो. चामडें आणि रेशीम तो धरून ठेवतात, आणि बुरशीला तर चामडें हें अन्नच. तिचें बीज हवेंत सर्वत्र असतें; त्याला फक्त अंधार, स्तब्ध हवा आणि ओलावा हवा असतो. हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ६०-६५ च्या वर बराच काळ राहिली कीं ती रुजते. तिच्यांतून निघणारें आम्ल आधीं लेप आणि मग कांचहि कोरतें. मामींनीं पेटींत डांबराच्या गोळ्या ठेविल्या होत्या. त्यांनीं रुमालाला कसर लागूं दिली नाहीं, पण हवेंतील ओलावा कांहीं त्यांनीं शोषला नाहीं.

यावर उपाय अगदीं साधा आहे. चामड्याची डबी शोभेसाठीं निराळी ठेवावी. भिंग व व्ह्यूफाइंडर घट्ट झांकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवून शेजारीं सिलिका जेलचे खडे छिद्रांच्या पुडींत ठेवावे. यांतील निळ्या जातीचे खडे ओलावा शोषून गुलाबी होतात. तापविले कीं पुन्हां निळे होऊन कामाला येतात. मात्र ते स्वयंपाकाच्या भांड्यांत तापवूं नयेत आणि मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. डब्यांत आर्द्रतामापक ठेवून कांटा ४० ते ५० च्या दरम्यान राखला तर उत्तमच. आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे पंधरा दिवसांनीं एकदां भिंग बाहेर काढून उजेड-वारा दाखवावा, त्याचीं कडीं फिरवावीं आणि दोन चित्रें घ्यावीं.

उजेड दाखवावा म्हणालों, पण सूर्याशीं जपून. आमच्या जालना जिल्ह्यांतील असई गांव आपल्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे-भोसल्यांचें सैन्य आणि वेलस्ली यांची लढाई तेथें झाली. तें रणक्षेत्र पाहावयास मी एकदां गेलों होतों. केळणा नदीच्या कांठीं भाकरी सोडून बसलों आणि कॅमेरा झांकणाशिवाय शेजारीं आभाळाकडे तोंड करून ठेविला. जेवण होईतों सूर्य भिंगांतून उतरला आणि आंतल्या कापडी पडद्याला टांचणीच्या टोकाएवढें छिद्र पाडून गेला. लहानपणीं भिंगानें कागद जाळण्याचा खेळ आपण सर्वांनींच खेळलेला असतो; तोच खेळ मीं आपल्या कॅमेऱ्यावर केला. पुढें छापलेल्या प्रत्येक चित्रांत आकाशांत एक पांढरा ठिपका चमकूं लागला. तेव्हां झांकण हातांतून सुटूं देऊं नये. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींतहि भिंग ठेवूं नये. आमच्याकडे मे महिन्यांत पारा चाळिसाच्या वर जातो आणि बंद मोटारींत त्याहून पुष्कळ अधिक. जुन्या भिंगांच्या कांचा कॅनडा बालसम नांवाच्या राळेनें जोडलेल्या असतात. ती उष्णतेनें मऊ पडते आणि जोड सुटूं लागतात. आंतील वंगणहि पातळ होऊन पात्यांवर पसरतें.

शेवटीं प्रवासाविषयीं. प्रत्येक भिंगाला पुढचें व मागचें अशीं दोन्ही झांकणें असावींत, आणि प्रत्येकास निराळी कापडी पिशवी. किल्ल्या आणि नाणीं ज्या खिशांत असतात, त्यांत भिंग कधींहि घालूं नये. एस.टी.च्या हादऱ्यांनीं बारीक मळसूत्रें ढिलीं होतात. म्हणून पिशवी टपावर किंवा पायाशीं न ठेवतां मांडीवर घ्यावी. भिंग बदलावयाचें असेल तेव्हां वाऱ्याकडे पाठ करून, आडोशाला खालीं बसून, मांडीवर रुमाल पसरून बदलावें.

व्ह्यूफाइंडरची गोष्ट आणखी नाजूक. तो खोबणींत केवळ दाबानें बसलेला असतो. अंगारकीच्या दिवशीं राजूरच्या गणपतीला जातांना गाडींतील गर्दींत माझा व्ह्यूफाइंडर कोणाच्या तरी खांद्याला घासून निसटला आणि माझ्या ध्यानांतहि आलें नाहीं. भल्या कंडक्टरनें उतारू उतरल्यावर तो बांकाखालून शोधून दिला. तेव्हांपासून प्रवासांत तो मी काढून ठेवतों आणि वापरतांना त्याला बारीक दोरा बांधून त्याचें टोक कॅमेऱ्याच्या पट्ट्यांत अडकवितों. कांहीं व्ह्यूफाइंडरांत चौकटीच्या चमकत्या रेषा दिसतात. त्या आंतील कांचेवरील अत्यंत पातळ चांदीच्या मुलाम्यामुळें उमटतात. तो मुलामा कापसानें वा स्पिरिटनें पुसला तर रेषा कायमच्या जातात. बाहेरची बाजू झटकावी आणि आंत हात घालूं नये.

मामांचें भिंग मीं मुंबईच्या एका जाणत्या कारागिराकडून उघडवून घेतलें. त्यानें तंतू काढले. परंतु लेपावर उमटलेल्या नक्षीला त्याचाहि इलाज नव्हता. प्रकाश समोरून असेल तर आतां चित्रावर धुकें येतें. प्रकाश पाठीशीं घेतला तर मात्र तें अजून सुरेख काम देतें. परवां संध्याकाळीं मोती तलावाच्या कांठीं, सूर्य पाठीशीं घेऊन, त्याच भिंगांतून मीं माझ्या मुलीचें छायाचित्र घेतलें. तें आईच्या छायाचित्राशेजारीं ठेविलें, तेव्हां दोघींची हनुवटी एकसारखी असल्याचें प्रथमच माझ्या लक्षांत आलें.

श्रोतेहो, आपल्याहि घरीं माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. येत्या रविवारीं ती खालीं उतरवा, भिंग उजेडांत धरून पहा, आणि तें निरोगी असेल तर त्याच दिवशीं घरांतील वडीलधाऱ्यांचें एक चित्र घ्या.