बॅटरीचा कागद

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर योजना आणली आणि छतावरचं सोलर ही बंगलेवाल्यांपुरती गोष्ट राहिली नाही. तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं म्हटल्यावर तालुक्याच्या गावांतही गच्च्यांवर पॅनल चढले. पुढे एखाद्या दुपारी वीज जाते आणि घरमालक बुचकळ्यात पडतो. डोक्यावर ऊन तळपतंय, पॅनल धडधाकट आहेत, आणि घरातला पंखा मात्र बंद. हा काही बिघाड नव्हे. महावितरणच्या तारेला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर तारेतली वीज गेली की आपणहून थांबतो. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून तो तसाच बनवलेला असतो. वीज गेल्यावरही घर चालू ठेवायचं तर बॅटरी हवी आणि तिच्याशी जुळणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवा. तिथे पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की कोणत्या ब्रँडची घेऊ? माझं म्हणणं असं की ब्रँडचं नाव विचारण्याआधी त्याच्या वॉरंटीचा कागद मागावा, आणि नावाची किंमत त्या कागदावरून ठरवावी.

पंखा किंवा फ्रिज घेताना नावावर विसंबणं शहाणपणाचं असतं, कारण तेच यंत्र शेजाऱ्याकडे पंधरा वर्षं चाललेलं आपण पाहिलेलं असतं. घरगुती लिथियम बॅटरीच्या बाबतीत आपल्याकडे असा शेजारीच अजून नाही. दहा वर्षांची हमी देणाऱ्या बहुतेक मॉडेलांना बाजारात येऊन दहा वर्षं झालेलीच नाहीत. ग्राहकांचे अभिप्राय वाचावेत, तर ते बसवल्यावर महिन्याभरात लिहिलेले. त्यातून माणूस वेळेवर आला का, पेटी भिंतीवर नीट दिसते का, एवढंच कळतं. बॅटरीची झीज सावकाश होते आणि ती बाहेरून दिसत नाही.

ही झीज लवकर दिसावी म्हणून ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, २०१६ पासून काही वर्षं एक प्रयोग चालला. सरकारी निधीतून बाजारातल्या घरगुती बॅटऱ्या आणून एका खोलीत बसवल्या आणि त्या दिवसातून तीन वेळा भरल्या, तीन वेळा रिकाम्या केल्या. घरातली तीन वर्षांची झीज अशी एका वर्षात घडवली. त्यात जगप्रसिद्ध नावं होती, तशी नवखीही होती. काही बॅटऱ्यांनी आपली क्षमता छान टिकवली. काही मध्येच बंद पडल्या आणि बदलून घ्याव्या लागल्या. काहींचं इन्व्हर्टरशी सूतच जुळेना. एकाच प्रकारच्या रसायनाच्या दोन बॅटऱ्यांतही मोठा फरक पडला. म्हणजे ‘लिथियम आहे ना, मग झालं’ हे दुकानातलं वाक्य काही खरं नाही, आणि नामांकित कंपनी म्हणून डोळे मिटावेत अशीही स्थिती नाही.

नावाचा उपयोग नेमका कुठे होतो, हे दोन उदाहरणांतून कळतं. दक्षिण कोरियाच्या एलजीइतकं परिचित नाव शोधून सापडायचं नाही. तरीही तिच्या काही घरगुती बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेत परत मागवाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियातही तेच झालं. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या अक्विऑन कंपनीचं. तिची बॅटरी मिठाच्या पाण्यावर चालायची, पेट घ्यायची नाही. कल्पना एका नामवंत प्राध्यापकाची, आणि पैसे गुंतवणाऱ्यांत बिल गेट्स. मार्च २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आता या दोन कंपन्यांच्या ग्राहकांची तुलना करा. पहिल्याच्या बॅटरीत दोष होता, पण ती परत घेण्याची ऐपत असलेली कंपनी जागेवर होती. दुसऱ्याची बॅटरी सुरक्षित होती, पण तक्रार ऐकायला कोणी उरलं नव्हतं. मोठं नाव दोष टाळू शकत नाही. दोष निघाल्यावर तो निस्तरणारं कोणी असेल याची शक्यता ते वाढवतं, आणि जास्त पैसे मोजायचे ते तेवढ्यासाठी.

आता प्रत्यक्ष कागद. जाहिरातीत ‘६००० सायकल’ ठळक असतात. सायकल म्हणजे एकदा पूर्ण भरणं आणि रिकामं करणं. रोज एक धरली तर ६००० सायकल सोळा वर्षं पुरतील. वॉरंटी मात्र दहा वर्षांची. वरच्या सहा वर्षांची जबाबदारी कंपनी घेत नाही, तेव्हा आपणही ती हिशेबात धरू नये. त्याखाली बारीक अक्षरांत कधी कधी आणखी एक अट असते, की दहा वर्षं किंवा एकूण अमुक इतकी युनिट, यातलं जे आधी संपेल ते. समजा बॅटरी ५ युनिट साठवणारी आहे आणि मर्यादा १५ हजार युनिटांची आहे. रोज पूर्ण वापरली तर ३ हजार दिवसांत, म्हणजे सव्वाआठ वर्षांत, वॉरंटी संपली. उलट वीज गेली तेवढ्यापुरतीच बॅटरी वापरणाऱ्या घराला ही मर्यादा कधी शिवणारही नाही. तिथे वर्षं मोजायची. एकच कागद दोन घरांना वेगळा लागू पडतो, म्हणून शेजाऱ्याने घेतली तीच घेणं हा निकष होऊ शकत नाही. तिसरी गोष्ट मुदतीअखेरच्या क्षमतेची. कुठे ८० टक्के लिहिलेले असतात, कुठे ७०, कुठे ६०. ६० टक्के लिहिले असतील तर दहाव्या वर्षी ५ ऐवजी ३ युनिट देणारी बॅटरी कंपनीच्या लेखी निर्दोष आहे. घराची गरज साडेतीन युनिटांची असेल तर आज पुरेशी वाटणारी बॅटरी मुदतीच्या आतच तोकडी पडेल, आणि तक्रारीलाही जागा नसेल.

याच आकड्यांवरून एक भागाकार करता येतो आणि मला तो सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा बोलका वाटतो. किंमत भागिले हमी दिलेली एकूण युनिट. वरच्या बॅटरीची किंमत दीड लाख धरली तर एक युनिट साठवून काढण्याचा खर्च दहा रुपये पडतो. भरता-काढताना वाया जाणारी वीज वेगळी. नेट मीटरिंग असलेल्या घराची जादा वीज महावितरणकडे त्या घराच्या खात्यात जमा होते आणि बिलातून वळती होते, त्याला बॅटरी लागत नाही. तेव्हा ‘बॅटरीने बिल वाचेल’ असं सांगणाऱ्या विक्रेत्यासमोर हा भागाकार मांडून पाहावा. अशा घरात बॅटरी घ्यायची ती वीज गेल्यावरच्या सोयीसाठी, दवाखान्याच्या फ्रिजसाठी, घरातल्या ऑक्सिजनच्या यंत्रासाठी. ते कारण पुरेसं आहे. त्याला बचतीचा मुलामा कशाला?

तापमानाची अट सहसा कोणी वाचत नाही आणि आपल्याला तीच सर्वांत जास्त नडते. माहितीपत्रकातले आकडे बहुधा २५ अंश सेल्सिअसचे असतात. कॅनबेरातल्या त्या प्रयोगात उन्हाळा म्हणून ३५ अंश धरले होते. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी सावलीतलाच पारा त्याच्या दहा अंश वर जातो. शिसे-आम्लाच्या बॅटरीचा जुना ढोबळ नियम असा, की दर दहा अंशांमागे आयुष्य निम्मं होतं. लिथियमलाही उष्णता मानवत नाही. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीच्या जिन्यात पेटी बसवली आणि आतल्या नियंत्रकाने मर्यादेबाहेरचं तापमान नोंदवलं, तर कंपनी त्या नोंदीवर बोट ठेवून मोकळी होते. कोकणात उष्णतेइतकीच खारी, दमट हवा पाहावी लागते. तिथे पेटी कितपत बंदिस्त आहे ते विचारावं.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा आपली शिसे-आम्लाची ट्युब्युलर बॅटरी काय वाईट? ती स्वस्त, गल्लीतल्या मिस्त्रीला कळणारी, आणि शेवटी भंगारातही किलोच्या भावाने पैसे देणारी. आक्षेप वजनदार आहे, आणि ज्यांची वीज आठवड्यातून तासभर जाते त्यांना मी तीच घ्या म्हणेन. मात्र कागद इथेही वाचावा. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने १.८ युनिटांची, आयुष्य टिकवायचं तर त्यातली निम्मीच वापरायची. त्यातही तो आकडा वीस तासांत सावकाश वीज काढल्यावरचा असेल, तर तीन तासांत काढताना बराच कमी हाती येतो. सोलरसाठी बनवलेल्या बॅटरीवर दहा तासांचा आकडा देतात, तो अधिक प्रामाणिक. ‘३६ अधिक २४ महिने’ या वॉरंटीतही फुकट बदलून मिळते ती पहिल्या ३६ महिन्यांत. पुढचे २४ महिने छापील किमतीवर सूट मिळते, आणि बाजारभाव छापील किमतीच्या पुष्कळ खाली असतो.

दुसरा आक्षेप स्थानिक जुळणीवाल्यांचा. सेल तोच, चीनमधून आलेला, मग आम्हीच जोडून दिला तर निम्म्या किमतीत का घेऊ नये? सेल तोच असेलही. पण बॅटरी म्हणजे नुसते सेल नव्हेत. ५१.२ व्होल्टच्या पेटीत १६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातला एक जरी इतरांच्या आधी भरला तर वेळीच थांबायचं, हे आतला नियंत्रक ठरवतो. सेल जुने, गाडीतून काढलेले नाहीत ना, हेही वरून दिसत नाही. लिथियममध्ये लोह-फॉस्फेटचं रसायन निकेलवाल्यापेक्षा तापण्याच्या बाबतीत पुष्कळ शांत आहे आणि घरासाठी तेच घ्यावं, पण ढिसाळ जोडणीपासून ते वाचवत नाही. म्हणून आयईसी ६२६१९ या सुरक्षा मानकाचा दाखला मागावा, आणि तो नुसत्या सेलचा आहे की पूर्ण पेटीचा, ते पाहावं. सेलचा दाखला पेटीच्या नावावर खपवणं फार सोपं आहे. जुळणीवाला पूर्ण पेटीचा दाखला दाखवत असेल, तर त्याला केवळ लहान म्हणून नाकारू नये.

साध्या माणसाला हे सगळं कसं कळणार, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की रसायन कळायची गरज नाही. वॉरंटी कोणाच्या सहीची आहे एवढं पाहता येतं. भारतात नोंदलेली कंपनी, आयातदार की नुसता डीलर? बदली पेटीची वाहतूक आणि बसवणी कोणाच्या खर्चाने? वॉरंटीची नोंदणी किती दिवसांत करायची? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि आयात करून विकणाराही त्याच्या कक्षेत येतो. पण तिथे उभं राहायला पक्कं बिल लागतं, त्यावर पेटीचा अनुक्रमांक लागतो. बिलाशिवाय पाच-दहा हजार वाचवणारा हा हक्क विकून टाकतो.

शेवटचा आक्षेप थांबणाऱ्यांचा. किमती उतरताहेत, मग दोन वर्षांनी घेऊ. ज्यांच्याकडे वीज क्वचित जाते त्यांनी खुशाल थांबावं. मात्र ज्यांना आज सोलर बसवायचं आहे आणि पुढे बॅटरी हवी आहे, त्यांनी हायब्रिड इन्व्हर्टर आत्ताच घ्यावा का, हे जादा खर्च पाहून ठरवावं. घेतलाच, तर त्या कंपनीने मान्य केलेल्या बॅटऱ्यांची यादी लेखी मागून घ्यावी. यादीबाहेरची बॅटरी जोडली आणि दोघांचं पटलं नाही, तर इन्व्हर्टरवाला बॅटरीकडे बोट दाखवतो आणि बॅटरीवाला इन्व्हर्टरकडे. ती यादी बिलासोबत जपून ठेवावी. दोन वर्षांनी तिच्यातल्या किती कंपन्या धंद्यात उरल्या आहेत, ते निवड करताना पाहता येईल.