मोल ठरते ते शेतात



फाळणीनंतर निर्वासित होऊन आलेली सिंधी कुटुंबे जरीपटक्यात वसली आणि व्यापारात स्थिरावली. ज्याचे भांडवल तुटपुंजे, त्याला तेच गिऱ्हाईक पुन्हा यावे लागते. ते येते कशासाठी?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण पाहावे. १९०३ साली त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्या समजुतीला हसणे सोपे आहे. परंतु धोका विकणाऱ्याचा नव्हता, वर्षाचे पीक पणाला लावणाऱ्याचा होता! कारखान्यातून निघालेल्या नांगराचे मोल अद्याप ठरलेलेच नसते. तो किती खोल जातो, फाळ किती टिकतो, यावर ते शेतात ठरते. नांगरणीचे दिवस उलटल्यावर पोहोचलेला सुटा भाग फुकट दिला तरी महागच. १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, तीही नांगर घडवीतच.

आज पंप विकणाऱ्याने पावती फाडण्यापूर्वी विहिरीची खोली आणि वीज किती तास असते, एवढे जरी विचारले, तरी कित्येकदा लहान, स्वस्त पंपच द्यावा लागेल.